सात नंबरचं झाकण

शनिवार, दुपार

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं तुझं नाव आणि पत्ता मी आमच्या ड्रायव्हरकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच कपाटावर टाकलं असतंस, आणि तसं केलं असतंस तरी मला राग आला नसता. पण या वेळी ते फोडलं जाणं गरजेचं होतं, म्हणून ही लबाडी. ड्रायव्हरचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखं. पोस्टमनला ते लागेल याचा भरवसा नाही, तेव्हा मी स्वतःच येऊन तुमच्या इमारतीच्या खालच्या पेटीत टाकणार आहे. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सोमवारी सकाळी तुमच्या दारावर एक सिस्टर येणार आहे. तिला दार उघडायचं की नाही हे तू हे वाचून ठरवावंस, एवढंच माझं म्हणणं आहे. ती का येणार तेही सांगतो. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे.

मी बरा आहे. डावा गुडघा जिन्यावर कुरकुरतो. भाजीत मीठ एकतर दोनदा पडतं किंवा पडतच नाही, मधलं काही मला अजून जमलेलं नाही. तुझी खोली आहे तशीच आहे, फक्त इस्त्रीचं टेबल तिथे नेलंय, कारण उजेड तिथे चांगला येतो. शेजारच्या मावशी दर आठवड्याला तू कशी आहेस म्हणून विचारतात आणि मी मजेत आहे म्हणून सांगतो. त्यांना खरं काय ते माहीत आहे. त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत आहे. पण त्या विचारायचं सोडत नाहीत आणि मी सांगायचं सोडत नाही. आठ महिन्यांनी मी निवृत्त होईन. मग दिवसभर घरात काय करायचं याचा विचार मी मुद्दाम पुढे ढकलत असतो.

परवा कपाट आवरताना जांभळ्या शाईची एक जुनी बाटली सापडली. आठवतं का तुला? तुझी आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. घरी कुणी नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी तुला मोहिमेवर सोबत न्यायचो. खांद्याला लशीचा डबा माझ्या, आणि हातात खडू तुझ्या. मी मुलांच्या तोंडात थेंब टाकायचो, त्यांच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावायचो आणि तू दारावर खूण करायचीस. एका जागी दोन मिनिटं उभी राहशील तर शपथ. एका दारावर खूण झाली की गिरकी घेत पुढच्या दारावर, म्हणून सगळ्या सिस्टर तुला भिंगरी म्हणायला लागल्या आणि खरं नाव शाळेच्या पटावरच राहिलं. एकदा माझं लक्ष नाही असं बघून तू दहाही बोटांना शाई लावून घेतलीस. ती शाई काही केल्या निघेना. दुसऱ्या दिवशी बाईंनी तुला वर्गाबाहेर उभं केलं, तर तू त्यांना ठणकावून सांगितलंस की मी दहा वेळा डोस घेतलाय, मला आता काहीच होणार नाही. बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर मी तुला रागावलो आणि शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर पोट धरून हसलो. तूही हसलीस.

मी तुझ्यावर हात उगारला तो एकदाच. तू मोठ्या काकांच्या चालण्याची नक्कल केली होतीस. तुला वाईट बुद्धी नव्हती, त्यांच्या पायातल्या लोखंडी पट्ट्यांचा जिन्यावर येणारा खट खट आवाज तुला आवडायचा आणि तो तोंडाने काढत तू पाय ओढत चालत होतीस. काका स्वतः हसत होते. पण मला ते सहन झालं नाही. मी तीन वर्षांचा होतो आणि तो पाच, तेव्हा आम्हा दोघांनाही एकाच आठवड्यात ताप आला होता. माझा उतरला. त्याचाही उतरला, पण पाय घेऊन गेला. असं का झालं, दोघांतला मीच का धावू शकलो, हे मला आयुष्यभर कळलं नाही. मी लस देणारा झालो तो त्यामुळे. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं. मी चापट मारली आणि दुसऱ्या खोलीत निघून गेलो. तुझे अश्रू काकांनी पुसले.

आता एक बातमी. मी लशीचं काम सोडलं आहे. पाच वर्षं झाली. त्या गोष्टीनंतर महिन्याभराने मी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो आणि मला दुसरं काहीही द्या म्हणालो. त्यांनी मला गटारावर टाकलं. हसू नकोस, खरंच. शहरात नऊ ठिकाणी दर मंगळवारी सांडपाण्याचा नमुना घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. कोणता रोग शहरात शिरलाय ते माणसं आजारी पडण्याआधी त्या पाण्यात दिसतं. गाडीत मी, ड्रायव्हर, लोखंडी आकडा, दोरी आणि स्टीलची छोटी बादली. आकड्याने झाकण उचलायचं, बादली सोडायची, एक लिटरची बाटली भरायची, तारीख, वेळ आणि जागेचा नंबर लिहून चिठ्ठी लावायची, बाटली बर्फाच्या डब्यात. डबा तोच आहे, तू ज्याला टेकून बसायचीस तो, कडीला तुझा खडू घासल्याच्या रेघा असलेला. लशीसाठी बाद झाला तेव्हा मी तो मागून घेतला. नमुना सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यानच घ्यावा लागतो, कारण त्या वेळी शहर कुठे बसलेलं असतं ते तुला सांगायला नको. आरोग्य केंद्रात मी शिरलो की सगळे नाकाला रुमाल लावून, अत्तरवाले आले, म्हणून ओरडतात. मी दररोज दोनदा आंघोळ करतो, तरी नाव काही सुटलं नाही.

तुम्ही घर बदललंत हे जावईबापूंनी मला दोन ओळींत कळवलं होतं, नव्या पत्त्यासकट. का कळवलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांना यावरून काही बोलू नकोस. त्यानंतर काही महिन्यांनी सात नंबरची जागा ठरवायची वेळ आली. इंजिनीअरने नकाशावर दोन झाकणं दाखवली, एक मोठ्या चौकातलं आणि एक तुमच्या गल्लीतल्या बेकरीसमोरचं. कोणतं बरं, म्हणून त्याने मला विचारलं. मी बेकरीसमोरचं म्हणालो. तिथे प्रवाह चांगला आहे, असं कारण दिलं. प्रवाह तिथे खरंच चांगला आहे, हे मी कुणालाही लिहून देईन. पण बेकरीच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर डावीकडे तुमची गॅलरी आहे. गेली तीन वर्षं, आजारपणाचे दोन मंगळवार सोडले तर, मी दर आठवड्याला तिथे उभा राहिलो आहे.

तुला मुलगा झाला हे मला तुमच्या दोरीवरून कळलं. एका मंगळवारी तिथे लंगोट वाळत होते, आठ, आणि हाताएवढी दोन झबली. मी वर बघत उभा राहिलो आणि बादलीतलं पाणी माझ्या बुटात गेलं. ड्रायव्हरने गाडीतून हॉर्न वाजवला तेव्हा मी भानावर आलो. तेव्हापासून दोरी वाचायची सवयच लागली. मोजे आले. मग एक पिवळी पँट, महिन्याभरात तिच्या दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं लागली, म्हणजे रांगायला लागला. मग एक दिवस कठड्यावर बुटांचा जोड उलटा ठेवलेला दिसला, तळवे झिजलेले, म्हणजे पायावर उभा राहिला आणि रस्त्यावर फिरतोयसुद्धा. गेल्या मंगळवारी निळा रेनकोट होता, त्याच्या गळ्याची गुंडी तुटली आहे. वय झालं तसं मला जवळचं दिसेनासं झालं, पण लांबचं स्वच्छ दिसतं. ड्रायव्हर गाडी नेहमी अशी लावतो की मला वर बघता यावं. तीन वर्षांत त्याने एकदाही का म्हणून विचारलं नाही. आम्ही दोघं बादली, दोरी आणि हवापाणी एवढंच बोलतो.

एकदा तू स्वतः बाहेर आलीस. केस ओले होते, कडेवर कुणी नव्हतं, हातात चिमट्यांची पिशवी. तू खाली बघितलंस. सरळ माझ्याकडे. मी टोपी, तोंडावर मास्क, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि पिवळं जाकीट अशा अवतारात होतो, माझ्या आईनेही मला ओळखलं नसतं. झाकण उघडं होतं आणि वास येत होता. तू ओढणी नाकाला लावलीस आणि आत जाऊन दार लावून घेतलंस. मला वाईट वाटलं असं तुला वाटेल, पण मला फार बरं वाटलं. तुझा चेहरा पाच सेकंद बघायला मिळाला. थोडी बारीक झाली आहेस. त्या दिवशी मी बाटलीवर जागेचा नंबर लिहायचा विसरलो आणि प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोन करून झापलं.

आता मुद्दा. तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी सात नंबरच्या बाटलीत पोलिओचा विषाणू सापडला. त्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा सापडला. काल जाहीर झालं, तू बातम्यांत ऐकलंही असशील, पण कोणता भाग ते त्यांनी सांगितलं नाही. तो भाग तुमचा आहे. आपल्याकडून हा रोग गेला म्हणून टाळ्या वाजवून बारा वर्षं झाली. तुझ्या वयाच्या माणसांनी तो फक्त मोठ्या काकांच्या पायात बघितला. तो पूर्ण गेला नव्हता. जगात कुठे ना कुठे तो राहिला होता, आणि विमानाला किंवा जहाजाला तो काही परवाना मागत नाही. एखाद्या गल्लीत डोस न घेतलेली चार मुलं असली की तेवढी जागा त्याला पुरते. तुमच्या भागात अजून कुणीही आजारी नाही. म्हणून लोक म्हणतात की घाई कशाला. दोनशे मुलांच्या पोटात तो शिरला तर बहुतेकांना काहीच होत नाही, काहींना साधा ताप येतो, आणि एखाद्याचे पाय जातात. ते एखादं मूल कोणतं, हे पाय जाईपर्यंत कुणालाच कळत नाही. आमच्या आईलाही कळलं नव्हतं.

सोमवारपासून घरोघर थेंब द्यायचे आहेत. त्यासाठी केंद्राने डोस न घेतलेल्या मुलांचा तक्ता काढला. तो काल माझ्या टेबलावरून गेला. एकतीस मुलं होती. अकराव्या ओळीवर मी थांबलो. इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार. मुलगा. वय दोन वर्षं एक महिना. पालकांचा नकार, तीन वेळा. नावाचा रकाना रिकामा, कारण तुम्ही नाव सांगायलाही नकार दिलात. मोठ्या सिस्टरने विचारलं, तुम्ही त्या गल्लीत नेहमी जाता, हे लोक ओळखीचे आहेत का. मी नाही म्हणालो. मग बाहेर जाऊन गाडीत बसलो. आपल्या नातवाचं वय आपल्याला नकाराच्या तक्त्यातून कळावं, हे माझ्या नशिबात होतं. पण वय कळलं याचा आनंदही झाला. दोन वर्षं एक महिना. म्हणजे बोलत असेल.

पिटुकलीबद्दल आपण कधीच बोललो नाही. मला आज बोलायचं आहे, तू ते वाचायचं सोडलंस तरी चालेल. दीड महिन्याची लस मी तिला आपल्या घरी, तुझ्या मांडीवर दिली. माझ्या नातीला दुसऱ्या कुणी टोचायचं नाही, असा माझा हट्ट होता. तिसऱ्या दिवशी ती गेली. हृदयाला जन्मापासून दोष होता, असा मोठ्या इस्पितळाचा अहवाल आला, आणि मी काय केलं, तर त्याची प्रत काढून, त्या ओळीखाली लाल रेघ मारून, तुला पाठवून दिली. सोबत एक शब्द लिहिला नाही. पण त्याहून वाईट ते, जे मी आधीच करून बसलो होतो. त्या दिवशी इस्पितळाच्या बोळात तू भिंतीला टेकून उभी होतीस. तू मला हाक मारलीस, बाबा म्हणून, एकदाच. आणि मी पिशवीतून फॉर्म काढला. लशीनंतर मूल दगावलं तर तो भरायचा असतो, आम्हा सगळ्यांच्या पिशवीत असतो. शेवटचं दूध किती वाजता घेतलं. ताप किती होता. टोचलेल्या जागी सूज होती का. रडणं नेहमीसारखं होतं की वेगळं. अकरा प्रश्न मी तुला विचारले आणि तू अकराही प्रश्नांची उत्तरं दिलीस, नीट, क्रमाने, एकही न टाळता. मग माझ्या हातातून पेन घेतलंस आणि माहिती देणाऱ्याच्या जागी सही केलीस. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

मी सगळ्यांना सांगत आलो की तो नियम होता. नियम होता, पण त्याला चोवीस तासांची मुदत होती. बोळातच भरा असं कुणीही म्हटलं नव्हतं. खरं ते सांगतो. मला भीती वाटली होती. बाटली नीट थंड होती का, मात्रा बरोबर होती का, माझा हात चुकला का, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. तुझं बाळ गेलं होतं आणि मी माझा हात वाचवत होतो. तू रडली असतीस तर मी तुला जवळ घ्यायला हवं होतं, आणि नसतीस रडली तरी घ्यायला हवं होतं. मी चुकलो, भिंगरी. हात चुकला नव्हता, बाप चुकला. माझ्यावरचा राग हवा तेवढा ठेव, जन्मभर ठेव, पण तो त्या थेंबांवर काढू नकोस.

हे पत्र एवढ्यासाठी. सोमवारी नऊ ते दहाच्या दरम्यान जी सिस्टर येईल ती ठेंगणी आहे, फार बोलते, आणि तिचा हात हलका आहे. सुई नाही, नुसते दोन थेंब, तोंडात. मी येणार नाही, जिन्याखालीसुद्धा उभा राहणार नाही, शब्द देतो. दार उघड. हवं तर त्याला तूच मांडीवर घे. ती त्याच्या करंगळीला शाई लावेल आणि नाव विचारेल. नाव सांगायचं की नाही ते तू ठरव, सांगितलंस तर अकराव्या ओळीत लिहिलं जाईल आणि संध्याकाळी तक्ता माझ्या टेबलावरून जाईल. नाही सांगितलंस तरी थेंब मात्र दे. मला फोन करू नकोस, चिठ्ठी नको, काही कळवायची गरज नाही. थेंब घेतलेल्या मुलाच्या पोटातून त्या लशीतला दुबळा विषाणू काही आठवडे खाली पाण्यात उतरतो, प्रयोगशाळेतल्या बाईंना तो ओळखता येतो आणि त्या तो वेगळा लिहून पाठवतात. तो कोणत्या घरातून आला हे कुणालाच सांगता येत नाही. मोठे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पण त्यापुढच्या मंगळवारी सकाळी मी बेकरीसमोर झाकण उचलेन, बादली सोडेन आणि बाटली भरेन, आणि तीन आठवड्यांनी कागद येईल तेव्हा त्यात थोडं माझ्या नातवाचं आहे असं समजेन. तेवढ्यावर माझं भागेल.

तुझाच,
बाबा